आईच्या बाजूचं

ट्रकला नाक बसवायचं तर आधी त्याचा गळा कापावा लागतो. रोहिणीने आजवर असे चाळीसेक गळे कापले होते आणि एकाही ट्रकने तक्रार केली नव्हती. तक्रार करायचे ते ड्रायव्हर.

"ताई, जरा जपून. लेकराचं ऑपरेशन चाललंय असं वाटायलंय," लिंबाजी बॉनेटवर वाकून म्हणाला.

"लेकरू पंधरा वर्षांचं आहे, लिंबाजी. धूर तर तुझ्यापेक्षा जास्त सोडतं. बॅटरी नीट धर."

जुन्या डिझेल गाड्या भंगारात घालायच्या नसतील तर त्यांना हायड्रोजनचं किट लावा, असा कायदा आला आणि खडकेवाडी फाट्यावरच्या रोहिणीच्या शेडपुढे रांग लागली. किट लागलं की इंजिनाची भूक बदलते. त्याला हवा जास्त लागते आणि मोजून लागते. कमी पडली तर आग उलटी पाइपात येते. म्हणून टर्बो मोठा, पाइप रुंद आणि त्या पाइपात दोन सेन्सर. हवा किती आली ते एक सांगतो, किती तापली ते दुसरा. तिसरा सेन्सर मात्र फिल्टरच्या अलीकडे बसतो, जिथे रस्त्यावरची हवा न गाळता, आहे तशी आत शिरते. त्याला कंपनीने लांबलचक नाव दिलं होतं. रस्त्यावर सगळे त्याला नाकच म्हणत.

रोहिणीने पाइपाला भोक पाडलं, रबरी रिंग बसवली, नाक आत सरकवलं, क्लॅम्प आवळला. सांध्यावर साबणाचा फेस लावला. मग पाइपाचं एक तोंड तळहाताने दाबून दुसरं ओठांना लावलं आणि गाल फुगवून जोरात फुंकलं. एकही बुडबुडा उठला नाही. गळती तपासायला कंपनीने छोटा पंप दिला होता. शिवाय हातमोजे आणि मास्कही. ते सगळं कपाटात सुखरूप होतं. तिच्या वडिलांनी तिला हे काम तोंडाने शिकवलं होतं. डिझेल ओढायचं तोंडाने आणि पाइप तपासायचा तोही तोंडानेच. रबर, धूळ आणि ग्रीस यांची एकत्र चव तिला चहाच्या चवीइतकी ओळखीची होती.

"मार स्टार्टर," ती म्हणाली. इंजिनाने पहिला श्वास घेतला.

माणूस दिवसभरात जेवढी हवा ओढतो तेवढी ट्रक मिनिटभरात ओढतो. आणि हवा कधी रिकामी नसते. पिकांवरचा तांबेरा, पक्ष्यांच्या पिसांची भुकटी, गुरांचा कोंडा, माणसाच्या बोलण्या-शिंकण्यातले थेंब, खाजवल्यावर उडणारी कातडी. प्रत्येक कणात ज्याचा तो त्याच्या डीएनएचे तुकडे. नाकातली चिकट पट्टी हे तुकडे धरते, आतली नखाएवढी चिप ते वाचते आणि कुठल्या ठिकाणी काय सापडलं ते मोबाइलच्या टॉवरवरून कळवते. सुरुवात झाली ती पिकांसाठी. गव्हावरचा रोग शेतकऱ्याला दिसण्याआधी आठवडाभर ट्रकला कळायला लागला. मग कोंबड्यांचा ताप. मग माणसं.

माणसांत मात्र एक अडचण होती. हवेतला डीएनए उन्हाने तुटतो, त्याचे बारीक चुरे होतात आणि चुऱ्यांवरून एकच एक माणूस ओळखणं जमत नाही. टिकतं ते तंतुकणिकांमधलं. शाळेत आपण त्यांना पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून पाठ केलेलं असतं. एका पेशीत त्या शेकड्यांनी असतात, त्यामुळे काही ना काही हाती लागतंच. आणि त्या येतात फक्त आईकडून. आईच्या जशा, तशाच लेकीच्या. बापाचं त्यात काहीही नसतं. नाकाला त्यामुळे माणूस कळत नसे. ही कोणत्या आईची माणसं, एवढंच कळे.

तेवढंही पुरलं. भ्रम झालेला एक म्हातारा घरातून निघून गेला होता, तो त्याच्या बहिणीच्या थुंकीवरून दोनशे किलोमीटरवरच्या देवळाच्या पायरीवर सापडला. टीव्हीवर ते बघताना रोहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बसवलेलं नाक आपलं असेल-नसेल, तिला अभिमान वाटला होता.

तेव्हा तिची केतकी घरातच होती. म्हाताऱ्याला बघून म्हणाली होती, "आई, आता पळून जायचं तर नाक नसलेल्या रस्त्याने जावं लागणार."

रोहिणी हसली होती. पुढच्या चैत्रात केतकी गेली. सुगतबरोबर. तो मुलगा कॉलेजात शिकवत होता, चांगला होता, आणि ज्या वस्तीतला होता तिथलं पाणी रोहिणीच्या सासरी अजून कोणी पीत नव्हतं.

घर दोन भावांचं. थोरला जनार्दन, रोहिणीचा नवरा. शेती बघायचा, कमी बोलायचा, कोंबडी कापायची वेळ आली की मागच्या दाराने निघून जायचा. धाकटा विलास. गाड्या त्याच्या, फाट्यावरची जागा त्याची, गावातला शब्द त्याचा. वहिनीला शेड त्यानेच घालून दिली होती आणि ते तो विसरू देत नसे.

चुलत घरातली एक मुलगी पूर्वी अशीच गेली होती. विलासने तिला शोधून, साडीचोळी करायची म्हणून गोडीगोडीने परत आणलं. आठवड्याच्या आत ती विहिरीत पाय घसरून बुडाली. भर उन्हाळ्यात, विहिरीत पाणी गुडघाभर असताना. विलास तिच्या तेराव्याला सगळ्यांत मोठ्याने रडला होता.

म्हणून केतकी कुठे आहे ते रोहिणीने कधी विचारलं नाही, शोधलं नाही. माहीत नसलेली गोष्ट तोंडातून निसटत नाही. केतकीनेही फोन बदलले असावेत. वर्ष उलटलं.

मग एका दुपारी विलास शेडमध्ये आला, खुर्ची ओढून बसला आणि पायातली चप्पल काढून ठेवली. तो चप्पल काढून बसला की काहीतरी मागायला आलेला असे.

"वहिनी, एक गोष्ट ऐका. दादाची थुंकी मी कंपनीत दिली होती."

रोहिणीच्या हातातला पाना थांबला. "कशासाठी?"

"लेक आहे ना त्याची. झुरायला लागलाय तो. तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय."

"सरकार फक्त लहान पोरं आणि म्हातारी माणसं शोधतं, भाऊजी. केतकी चोवीसची आहे."

"सरकारचं सोडा. माझ्या गाड्या, माझी हवा. माझ्या नाकांनी काय हुंगलं ते मी वाचीन, त्याला कोण नाही म्हणणार?" ते खरं होतं. त्यावरचा कायदा अजून लिहायचा होता. विलासने कपाळ पुसलं. "पण ती कंपनीची पोरगी म्हणते, बापाचं चालत नाही. आईचंच लागतं. आता काय बोलावं! घराणं आमचं, आडनाव आमचं आणि मशीनला ओळख लागते ती तुमची."

"मशीनला कोणी सांगितलं नसेल आडनावाचं."

"थट्टा नका करू, वहिनी. एक काडी तोंडात फिरवायची. बस. लेकीला सन्मानाने आणू."

"साडीचोळी करून?"

विलास हसला, चहा मागितला, तिलाही आग्रहाने पाजला. तो गेल्यावर रोहिणी भांडी आवरायला लागली तर तिचा कप नव्हता.

रात्री तिने जनार्दनला विचारलं, "थुंकी का दिलीत?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "लांबून बघून येईन म्हणलो. नुसतं लांबून."

तिला त्याचा राग आला आणि रागाच्या पाठोपाठ दुसरंही काही आलं, ज्याच्यामुळे तिने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

पुढचे दिवस ती गाड्यांच्या आवाजावर जगली. रस्त्यावर हॉर्न वाजला की ती शेडच्या दारात येऊन बघायची. महिना गेला. काही झालं नाही. विलास चिडचिडा झाला. त्याच्या चाळीस गाड्या लातूरपासून नाशिकपर्यंत हवा पीत हिंडत होत्या आणि एकीलाही रोहिणीच्या लेकीचा वास येत नव्हता. रोहिणीला वाटलं, पोरगी परदेशात गेली असेल. परदेशात जाऊ दे. चंद्रावर जाऊ दे.

फरहीन आली ती सकाळी दहाच्या सुमारास. कंपनीची इंजिनिअर, स्कूटरवरून. रोहिणीला ती आवडायची, कारण ती गाडीखाली शिरताना ओढणीची पर्वा करत नसे. त्या दिवशी तिने मांडीवर टॅब्लेट घेतला आणि आधी रागावली.

"ताई, तुम्ही मास्क घालत नाही ना?"

"उकडतं गं."

"आणि पाइप तोंडाने फुंकता."

"पंपाने बुडबुडा नीट कळत नाही."

फरहीनने डोक्याला हात लावला. "अहो, नाक पहिल्या श्वासाला पाइपात जे असेल ते स्वतःचं समजतं. रबराचा वास, ग्रीस, जे काही असेल ते. आणि जन्मभर ते बाजूला काढत राहतं. तुम्ही चाळीसच्या चाळीस गाड्यांत थुंकून ठेवलंय. या गाड्यांना तुम्ही दिसतच नाही. तुमच्या आईच्या बाजूचं कोणीच दिसत नाही!"

रोहिणी खालीच बसली आणि हसायला लागली. काम करताना सवयीने मारलेली फुंकर. चाळीस वेळा. पोर गेल्यापासून पोरीसाठी आपण काहीच करू शकलो नाही, असं ती रोज स्वतःला सांगत होती.

"हसताय काय, ताई? सगळी नाकं बदलावी लागणार."

"बदलू की. सावकाश बदलू."

"तशी घाई नाही," फरहीन म्हणाली. "बाजूला काढलेलं मशीन टाकून देत नाही, वेगळं ठेवतं. मी काल ते उघडून बघितलं. हे बघा." तिने नकाशा पुढे केला. "हा तुमचा फाटा, ठिपकेच ठिपके. हे घर. हा बाजार. आणि हे सावळघाट. एकशे ऐंशी किलोमीटर. तुमची एवढी दाट खूण तिथे कशी? बहीण राहते का? मावशी?"

"नाही," रोहिणी म्हणाली. "आई गेली. आईला बहीण नव्हती. मी एकटीच."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. नकाशावर, डोंगराच्या वळणाला, मोहरीएवढ्या पिवळ्या ठिपक्यांचा पुंजका होता. वर्षभर तिने ज्या ज्ञानाकडे पाठ फिरवली होती ते तिच्यासमोर पसरलं होतं. सावळघाट. तिथे केतकी खोकत होती, केस विंचरत होती, कुणाला तरी मोठ्याने हाक मारत होती आणि खालून विलासच्या गाड्या जात होत्या.

फरहीन तिच्याकडे बघत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला. "ताई, ते लोक कुणाला शोधतायत? मला घरातली अल्पवयीन मुलगी म्हणून सांगितलं होतं."

रोहिणीने मान हलवली. नाही म्हणून.

"मी अहवाल पाठवला," फरहीन म्हणाली. "सकाळीच. विलास सरांना." तिचा आवाज बारीक झाला. "मला माहीत नव्हतं, ताई."

रोहिणीने शेड उघडीच टाकली आणि घराकडे चालत सुटली. केतकीला कळवायचं कसं? नंबर नाही, पत्ता नाही. निघावं म्हटलं तर पोचायला चार तास, आणि विलासची जीप तिच्या आधी पोचणार. वाटेत तिला दोनदा ओळखीचं कुणी बोललं. तिने काय उत्तर दिलं ते तिलाही आठवलं नसतं.

जीप अंगणातच उभी होती. आत विलासची तीन माणसं, जेवून तयार होऊन बसल्यासारखी. जनार्दन ओसरीवर खांबाला टेकून उभा होता आणि विलास त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलत होता.

"सापडली, दादा. मशीनला तुझी लेक आणि वहिनी सारख्याच दिसतात. वहिनी सावळघाटला कधी गेलेल्या नाहीत. म्हणजे कोण? केतकी. संध्याकाळपर्यंत घरी आणतो."

जनार्दनचा चेहरा उजळला होता. रोहिणीला ते बघवलं नाही.

"ती केतकी नाही," ती म्हणाली.

विलास वळला. "मग कोण?"

"मी."

"तुम्ही सावळघाटला काय करायला जाता?"

रोहिणीने पदर कमरेला खोचला होता, तो तिने सोडला. नीट डोक्यावर घेतला. लग्न होऊन आली तेव्हा घेतला होता तसा. या घराला एका बाईबद्दल कोणती गोष्ट चटकन खरी वाटेल ते तिला सव्वीस वर्षांत चांगलं कळलं होतं. पुराव्याची गरज न पडणारी अशी एकच गोष्ट होती.

"एक माणूस होता तिथे," ती म्हणाली.

विलासचा हात भावाच्या खांद्यावरून खाली आला.

"काय?"

"तुमच्या गाड्या जायच्या ना घाटाने. त्यातूनच जायचे. ड्रायव्हर लोक तुम्हाला कशाला सांगतील?"

विलासने तिच्या थोबाडीत मारली. ती खांबावर आदळली. ओठ फुटला. जीपमधली माणसं दुसरीकडे बघायला लागली. पण त्यांना ऐकू आलं होतं, आणि रोहिणीला तेच हवं होतं. विलासच्या डोळ्यांत तिला शंका दिसली. तो मूर्ख नव्हता. हिशेब करत होता. मग तो भावाकडे वळला.

"दादा. ही खरं बोलते का? तू रोज घरात असतोस. ही कधी गेली?"

जनार्दन रोहिणीकडे बघत होता. ती कुठेही गेलेली नाही, हे जगात फक्त त्याला माहीत होतं. रोज रात्री ती त्याच्या शेजारी झोपत होती, सकाळी त्याचा डबा भरत होती. तो बघत राहिला आणि रोहिणीला दिसलं, एकेक करून ते त्याच्या ध्यानात उतरत होतं. बायको सावळघाटला गेलेली नाही. मग सावळघाटला कोण आहे. आणि बायको हे का सांगते आहे. लेकीला लांबून बघायचं होतं त्याला. तेवढंच मागितलं होतं त्याने.

"मला माहीत आहे," जनार्दन म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"सगळं. आधीपासून." तो खांबापासून पुढे आला. "मागच्या आठवड्यात दोन दिवस गेलो होतो ना मी. शेतातल्या पंपाचं काम म्हणून. ते पंपाचं काम नव्हतं."

तेव्हा आणलेला पंप अंगणात उभा होता, नवा कोरा, वेष्टनासकट. तिकडे कोणी बघितलं नाही.

"मग?"

"तो माणूस नाही राहिला आता," जनार्दन म्हणाला. "जाऊ नको तिकडं, विलास. पोरांना घेऊन तर अजिबात जाऊ नको. कोणी विचारायला लागलं तर..." पुढचं त्याला जमलं नाही. तो थांबला. पण ते थांबणंच विलासने ऐकलं.

विलास भावाकडे बघत राहिला. जणू हा माणूस त्याला आजच भेटला होता. आयुष्यभर ज्याला भित्रा म्हणून हसला, ज्याच्या ताटातली कोंबडी दुसऱ्याने कापली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे रोहिणीने तिथे कधीच पाहिलं नव्हतं. आदर.

"दादा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मला वाटायचं तुझ्यात काही नाही."

त्याने हाताच्या खुणेने जीप परत पाठवली. मग तिथेच ओसरीवर बसून फरहीनला फोन लावला. स्पीकरवर, त्याला बारीक आवाज ऐकू येत नसे.

"मॅडम, ते सावळघाटचं काढून टाका. त्या बाईचं म्हणून जे जे असेल ते सगळं पुसा."

"सर, पुसलं की परत आणता येत नाही."

"पुसा म्हटलं ना. आणि पुढं कुठंही दिसता कामा नये. आमच्या गाड्यांत ती नकोच."

"सर, मुलीचा शोधही त्याच खुणेवर आहे. आईचं पुसलं की शोधही बंद होईल. कायमचा."

विलासने भावाकडे पाहिलं. एका पारड्यात पळालेली पुतणी, दुसऱ्यात भावाची मान. त्याला फार वेळ लागला नाही.

"ती आम्हाला मेली," तो म्हणाला. "पुसा."

"हो सर," फरहीन म्हणाली, इतक्या झटकन की रोहिणीला तिला मिठी मारावीशी वाटली.

जाताना विलासने रोहिणीकडे न बघता सांगितलं. शेडला कुलूप लागेल. सणाला, लग्नाला ही बाई घराबाहेर दिसता कामा नये. दादा ठेवतोय म्हणून राहू देतोय. दादाचं मन मोठं आहे. आणि मग त्याने वाकून जनार्दनच्या पायांना हात लावला, जे त्याने वडील गेल्यापासून केलं नव्हतं. जनार्दनने पाय मागे घेतले नाहीत. घ्यायचे होते, पण घेतले नाहीत.

दोघं ओसरीवरच बसून होती. उन्हं खांबावरून उतरून जमिनीवर आली. रोहिणीने ओठ पुसला. उद्यापासून ती या गावाची बदफैली बाई होती आणि तो खुनी होता. दोघांनाही ते मरेपर्यंत नीट निभावून न्यायचं होतं. त्या डोंगराकडे एकदाही न जाता. कुणाला न विचारता. केतकी तिथून हलली तरी आता कोणत्याच नाकाला कळणार नव्हतं, आणि त्यांनाही.

जनार्दनने घसा खाकरला. इकडेतिकडे बघितलं. आवाज अगदी खाली आणला.

"तिथं पाणी बरं आहे का गं?"

"मला काय ठाऊक," रोहिणी म्हणाली. "मी कुठं गेलेय."